ओवाळणीच्या ताटात पिल्लू

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. माझी थोरली बहीण रुईकर कॉलनीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा असून गेली दोन वर्षे कुत्रा हवा म्हणून हट्ट धरून बसला आहे. अक्का नोकरी करते, दाजींना गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जावे लागते, आणि दिवसभर घरी अक्काच्या सासूबाई असतात. यंदा भाऊबीजेला भाच्यासाठी लॅब्राडोरचे पिल्लू अचानक नेऊन सगळ्यांना चकित करायचे मी ठरवले आहे. ओळखीतल्या एकाकडे पिल्लू पाहून दोन हजार रुपये विसारही दिला आहे. भाऊबीजेच्या दिवशी ते पस्तीस दिवसांचे होईल. अक्काला आधी सांगितले तर ती नाही म्हणणार. पण पिल्लू एकदा समोर आले की कुणाच्याने नाही म्हणवत नाही, हा माझा अनुभव आहे. आमच्या सौभाग्यवतींना हा बेत पसंत नाही आणि तुम्हाला विचारावे असा त्यांचा आग्रह आहे. कुत्रा योग्य नसेल तर पोपट किंवा लहानसे कासव द्यावे का, तेही कळवावे. — एक मामा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. भाच्यावरचा तुमचा जीव त्यात जागोजागी दिसतो आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडखळलो. अक्काला आधी सांगितले तर ती नाही म्हणणार, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तिचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते देण्याची संधी तिला मिळू नये एवढ्यासाठीच हा सगळा गुपचूप बेत आहे. भाऊबीजेला ओवाळणी बहिणीला घालायची असते. पिल्लू तुम्ही भाच्याच्या हातात ठेवणार असलात, तरी ते पडणार आहे अक्काच्या ताटात, आणि पुढची दहा-बारा वर्षे ते ताट तिलाच सावरायचे आहे. म्हणून माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : भाऊबीजेला पिल्लू नेऊ नका. पोपट आणि कासव तर मुळीच नेऊ नका. त्याचे कारण वेगळे आहे, ते पुढे येईल.

साडी आवडली नाही तर ती कपाटात राहते, मिक्सर नको असेल तर तो पुढच्या लग्नात दुसऱ्याला दिला जातो, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. अशा वस्तू देणाऱ्याचे काम देण्याच्या क्षणी संपते. जनावर दिले की काम त्या क्षणी सुरू होते, आणि ते देणाऱ्याच्या घरी नव्हे, घेणाऱ्याच्या घरी. तुमच्या अक्काच्या घरातला एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणा. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावे लागते आणि दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते. रात्रीही एक-दोनदा उठावे लागते, कारण एवढ्या लहान जिवाला त्याहून जास्त वेळ धरवत नाही. तिसरा मजला आहे. खाली नेईपर्यंत फरशी ओली होणार आणि ती पुसण्याचे काम, दाजी पाळीवर आणि अक्का नोकरीवर असताना, सासूबाईंकडे येणार. त्यांच्या गुडघ्यांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण ज्या वयाच्या त्या असतील असे मी धरतो आहे, त्या वयात दिवसातून दहा वेळा खाली वाकणे ही लहान गोष्ट नाही. त्यातून ओल्या फरशीवर पाय घसरला तर काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहिले काही दिवस पिल्लू रात्रभर रडते. चौथ्या महिन्याच्या आसपास त्याचे दुधाचे दात पडू लागतात आणि मग ते चपला, सोफ्याचे कोपरे, मोबाईलची वायर आणि भाच्याची बोटे असे सर्व काही चावते. 'मी त्याचे सगळे करीन' असे नऊ वर्षांचे मूल मनापासून म्हणते. खोटे बोलायचा त्याचा हेतू मुळीच नसतो. पण सकाळी साडेसहाला रिक्षामामा खाली हॉर्न वाजवत असताना कुत्र्याला फिरवून कोण आणणार, याचे उत्तर त्याच्याजवळ नसते आणि असायलाही नको. नऊ वर्षांच्या मुलाने कुत्र्यावर प्रेम करावे, त्याच्याशी खेळावे, त्याचे पाण्याचे भांडे भरावे. त्याची जबाबदारी मात्र मोठ्या माणसाचीच असते, आणि ज्या घरातल्या मोठ्या माणसाने ती मनातून घेतलेली नाही, त्या घरात कुत्रा मिळून सगळ्यांचा आणि प्रत्यक्षात कोणाचाच राहत नाही.

आपल्या गावाला हे नव्याने समजावून सांगावे लागू नये. दिवाळीच्या पाडव्याला गवळी बांधव रंगवलेल्या, सजवलेल्या म्हशी घेऊन रस्त्यावर येतात, तेव्हा मालकाच्या एका हाकेसरशी त्याच्या मोटारसायकलमागे धावत सुटलेली म्हैस तुम्ही पाहिली असेलच. शेकडो माणसांच्या गलक्यात ती एकच आवाज ओळखते, कारण पहाटे आणि संध्याकाळी, वर्षाचे बाराही महिने, तिला चारा आणि पाणी देणारा हात त्याच आवाजाचा असतो. संस्थानच्या काळात शिकारीसाठी येथे चित्ते पाळले जात, आणि त्यांना सांभाळायला चित्तेवान असत. हत्तींना माहूत असत. राजवाड्याचे जनावर असले तरी त्याला त्याचे म्हणून एक माणूस नेमलेले असे. तुमच्या बेतात जनावर आहे, पैसे आहेत, रिबीन लावलेले खोकेही असेल. नेमलेला माणूस तेवढा नाही. जो नेमला जाणार आहे, त्याला त्याची खबर नाही.

आता पिल्लाच्या वयाकडे येतो, कारण पशुवैद्य म्हणून पत्रातली मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट ती आहे. पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी मनाई केली आहे, आणि श्वानपालन करून पिल्ले विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही त्याच नियमांनी बंधनकारक केले आहे. तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांनी नोंदणी केली आहे का, हे तुम्ही विचारले आहे काय? बाजारात पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू सर्रास दिले जाते, कारण त्या वयात ते सर्वांत गोंडस दिसते आणि विकणाऱ्याचा पुढच्या तीन आठवड्यांच्या खाण्याचा, लसीचा खर्च वाचतो. पण आठ आठवड्यांची ही अट कोणा सरकारी बाबूने टेबलावर बसून काढलेली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू भावंडांशी झोंबू लागते. एकाने जोरात चावा घेतला की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो, आईही गुरगुरते. दात किती जोराने लावायचा, हे कुत्रा या शाळेत शिकतो. ज्याची ही शाळा पाचव्या आठवड्यात सुटली, ते पिल्लू पुढे मुलांच्या हाताला दात लावते तेव्हा त्याला आपण काही वावगे करतो आहोत हे कळत नाही, आणि मग 'कुत्रा चावरा निघाला' असा शिक्का त्याच्यावर बसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपण ज्याचा खरवस करतो तो चीक गाईच्या वासरासाठी जे करतो, तेच कुत्रीचा चीक तिच्या पिल्लांसाठी करतो : आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला देतो. ही उसनी शक्ती साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान हळूहळू उतरत जाते. ती अंगात पुरेशी असते तोवर लस नीट लागू होत नाही, आणि ती उतरली पण लस अजून लागलेली नाही अशा मधल्या काळात पिल्लू पूर्णपणे उघडे असते. म्हणूनच पिल्लाचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, पुन्हा पुन्हा करावे लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. एक इंजेक्शन झाले आहे, आता काळजी नाही, असे विकणारा सांगतो तेव्हा तो अर्धेच सांगत असतो. पार्व्हो या रोगाचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि आपण घरात वापरतो त्या साध्या फिनेलने मरत नाही. जिन्यावर, पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी चपलेच्या तळाला तो असू शकतो, आणि दिवाळीत घरात येणाऱ्या चपलांची संख्या मोजायला नको.

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी असेच एक पिल्लू माझ्याकडे आणले होते. काकांनी पुतण्याला दिलेले होते. दोन दिवस ते फार खेळले, तिसऱ्या दिवशी खाणे सोडले, मग उलट्या आणि रक्ताची हगवण. आम्ही सलाईन लावले, जे करता येते ते सगळे केले. चौथ्या रात्री ते गेले. ते ज्या खोक्यातून घरी आले होते, त्याच खोक्यातून माझ्याकडे आले होते आणि त्यावरची सोनेरी रिबीन कोणी काढलेली नव्हती. मुलगा मला एकच विचारत होता, की त्याने पिल्लाला करंजीचा तुकडा दिला होता, त्याने तर हे झाले नाही ना. मी त्याला परत परत सांगितले की नाही, तसे नाही. त्याला ते पटले असेल असे मला वाटत नाही.

वसुबारसेला आपण गाईला एकटीला पुजत नाही, वासरासह पुजतो. अनेक घरांतल्या बायका त्या दिवशी गाईचे दूध-तूपही घेत नाहीत. ज्या सणाची सुरुवात आई आणि तिचे लेकरू यांना ओवाळून होते, त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी आईपासून तीन आठवडे आधी तोडलेले पिल्लू आपण ओवाळणीत घालतो, हे मला दरवर्षी खटकते.

पिल्लू आठ आठवड्यांचे असते तरी दिवाळी हा त्याला घरी आणण्याचा सर्वांत वाईट मुहूर्त ठरला असता. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत, आणि आपल्याला जाणवतही नाहीत असे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. पिल्लाच्या आयुष्यातले तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस असे असतात की जगाविषयीचे त्याचे बरेचसे मत त्यांतच पक्के होते. त्या दिवसांत नव्या घरात, आई नसताना, गॅलरीखाली लवंगी माळ कडाडली तर ती भीती त्याला जन्मभर पुरते. माझ्याकडे येणारी काही चांगली सहा-सात वर्षांची धिप्पाड कुत्री गणपतीच्या मिरवणुकीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पलंगाखालून बाहेर येत नाहीत. शिवाय दिवाळीत पाहुण्यांसाठी दार सतत उघडे असते, आणि फराळाची ताटे जमिनीपासून हातभर उंचीवर असतात. चिवड्यात आपल्याकडे बेदाणे घालतात, तासगाव जवळ असल्यामुळे हात सैल असतो. पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. चॉकलेटही तसेच विषारी. भाऊबीजेच्या जेवणात तांबडा-पांढरा असेल, तर कौतुकाने कोणीतरी रस्सा-भात कालवून देणार आणि हाडूक टाकणार. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना बाधतात आणि शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होऊन ते आतड्यात रुततात. या सगळ्यावर त्या चार दिवसांत उपचार करायला डॉक्टर शोधावा, तर आमच्यापैकीही बरेच जण सुट्टीवर असतात. मी स्वतः पाडव्याला दवाखाना बंद ठेवतो.

आणि सुट्टीचे म्हणाल तर तीच खरी फसगत आहे. दिवाळीत घर भरलेले असते, पिल्लू हातावरून हातावर फिरते, त्याला क्षणभर कोणी खाली ठेवत नाही. आठ-दहा दिवसांनी शाळा सुरू होते, पाहुणे जातात, कारखाना सुरू होतो आणि त्याच पिल्लाला एकदम रिकामे घर मिळते. मग ते दिवसभर भुंकते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे खरे आहे. पण जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीचा आखडलेला चेहरा कायद्याने सैल होत नाही, आणि तो तुमच्या नव्हे, अक्काच्या वाट्याला येणार आहे. खर्चाविषयी लांबण लावत नाही. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर पंचवीस ते पस्तीस किलोंचा असतो आणि त्याचे खाणे, लस, जंताची औषधे, गोचिडांची औषधे असे धरून दरमहा काही हजार रुपये कायमचे बाजूला काढावे लागतात; तुम्ही दिलेली किंमत हा त्यातला सर्वांत लहान आकडा आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मी लपवणार नाही. नाताळात भेट म्हणून कुत्री देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जुनी आहे, आणि 'कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, केवळ नाताळापुरता नव्हे' अशा अर्थाचे घोषवाक्य आज डॉग्ज ट्रस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटनमधील संस्थेने १९७८ मध्ये काढले, ते याच पद्धतीला आवर घालण्यासाठी. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात, भेट म्हणून मिळालेली बहुतेक कुत्री-मांजरे त्या घरांत टिकून राहिल्याचे आढळले, आणि भेट अचानक मिळाली म्हणून लोकांचा जीव कमी जडला असेही दिसले नाही. मी हे मानतो. कोल्हापुरातही असेच होते : पिल्लू समोर आले की कोणाच्याने नाही म्हणवत नाही आणि पुढे जीवही जडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका घरातला लॅब्राडोर मुलासाठी आणला होता. मुलगा बारावीनंतर पुण्याला शिकायला गेला, आणि आज त्या कुत्र्याला घेऊन येतात त्या त्याच्या आजी. त्या कुत्र्यावर त्यांचा फार जीव आहे. पण मुलाने सोडलेल्या वस्तूंमध्ये हा एक जीवही होता आणि तो आपल्या गळ्यात पडला, असे त्या हसत हसत सांगतात, तेव्हा त्या हसण्यात थोडा थकवाही असतो. कुत्रा टिकला, एवढ्यावर मी समाधान मानायला तयार नाही. तो कोणाच्या जिवावर टिकला, हे मी विचारतो. तुमचा भाचा आज नऊ वर्षांचा आहे. तो दहावीच्या वर्गात असेल तेव्हा कुत्रा ऐन भरात असेल, आणि त्याला म्हातारपण येईल, कंबर धरेल, उचलून खाली न्यावे लागेल, तेव्हा भाचा कदाचित दुसऱ्या शहरात असेल.

जिथे टिकत नाहीत तिथले चित्र तुम्हाला माहीत आहे. एखाद्या सकाळी गळ्यात पट्टा असलेला, अंगावर गोचीड भरलेला जातिवंत कुत्रा रंकाळ्याच्या काठाने किंवा हायवेच्या कडेने गाड्यांमागे धावताना दिसतो. प्रत्येक गाडी आपल्या घरची असेल असे त्याला वाटत असते. असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून त्याच काळातला, दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे, म्हणजे आपल्याकडच्या मिसळीच्या एका प्लेटहून कमी.

आता पोपट आणि कासव. आपल्याकडे पिंजऱ्यात दिसणारा हिरवा, गळ्याला कंठ असलेला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे, तिन्ही गुन्हे आहेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या कासवाचेही तसेच, मग ते लक्ष्मी येते म्हणून ठेवलेले असो की हौसेने. मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले जे परदेशी कासव मिळते, ते काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढे होते, वीस-तीस वर्षे जगू शकते आणि घाणही तेवढीच करते. कंटाळून ते तळ्यात सोडले तर तिथल्या देशी जलचरांच्या जिवावर उठते. कुत्र्याला पर्याय म्हणून सुचलेल्या या दोन्ही गोष्टी कुत्र्याहून वाईट आहेत, एवढेच याबाबत सांगतो.

मग भाच्याचे काय? दोन वर्षे टिकलेला हट्ट ही लहर नव्हे, आणि त्याला तुम्ही हसण्यावारी नेलेले नाही हे मला आवडले. तेव्हा भाऊबीजेला अक्काला तिची ओवाळणी नेहमीसारखी घाला, भाच्याला हवे ते पुस्तक किंवा बॅट द्या, आणि जेवणे आटोपल्यावर, भाचा खाली खेळायला गेला की, अक्का, दाजी आणि सासूबाई या तिघांसमोर विषय काढा. भाच्यासमोर मुळीच काढू नका. लेकराच्या डोळ्यांदेखत आईकडे होकार मागणे म्हणजे पिल्लू समोर धरण्याचाच दुसरा प्रकार आहे. सासूबाईंना आवर्जून विचारा, कारण दिवसभर घरात त्याच असतात. कुत्रा आवडतो का, एवढेच विचारू नका. सकाळी कोण नेणार, रात्री कोण उठणार, मे महिन्यात सगळे गावी गेले तर तो कुठे राहणार, असे विचारा. आणि या प्रश्नांतली काही उत्तरे तुम्ही स्वतःच्या नावावर घ्या. कुटुंब गावाला गेले की कुत्रा शिवाजी पेठेत माझ्याकडे राहील. पहिल्या वर्षीच्या लसी आणि पुढे नसबंदी माझ्याकडे लागली. दर रविवारी सकाळी मी येऊन त्याला आणि भाच्याला घेऊन फिरायला जाईन. हे तुम्ही म्हणू शकत असाल, तर तुम्ही अक्काला खरोखर काही देत आहात. म्हणू शकत नसाल, तर तिचे 'नाही' किती विचारपूर्वक आहे, हे तुम्हालाच कळेल.

ती तरीही नाही म्हणाली, तर ते तिथेच सोडा. दाजींमार्फत किंवा आईमार्फत पुन्हा गळ घालू नका. भाच्याला तुमच्या गल्लीतल्या एखाद्या लस टोचलेल्या, माणसाळलेल्या कुत्र्याची ओळख करून द्या आणि रविवारी त्याला खायला घालायला बोलवा. तुमच्या सौभाग्यवतींची तयारी असेल तर कुत्रा तुमच्याच घरी का येऊ नये, हाही प्रश्न मला तुम्हाला विचारावासा वाटतो. भाच्याला मामाच्या घरचा कुत्रा पुरतो. मात्र त्यांनाही आधी विचारा.

ती हो म्हणाली, तरी घाई करू नका. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या शेवटी गाभण राहतात आणि थंडीत वितात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घर शोधणारी दोन महिन्यांची गावठी पिल्ले कितीतरी असतात. गावठी कुत्रा आपल्या हवेला सोसतो, लॅब्राडोरहून कमी खातो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्याचे आकारमानही बेताचे राहते. फटाके संपलेले असतील, शाळेचे वेळापत्रक बसलेले असेल. त्या वेळी अक्काने किंवा दाजींनी आठवडाभर रजा टाकून सुरुवात करावी. लॅब्राडोरच हवा असे सर्वांचे ठरले, तर नोंदणी असलेल्याकडून आठ आठवडे पूर्ण झालेले पिल्लू, लसीच्या कार्डासह, भाच्याला सोबत नेऊन आणा.

विसार दिलेल्या गृहस्थांना मात्र आजच फोन करा. पैसे परत मिळाले तर ठीक, बुडाले तर बुडू द्या; दोन हजारांसाठी पाच आठवड्यांचे पिल्लू घरी आणण्यात शहाणपण नाही. शक्य झाले तर तेवढ्याच फोनमध्ये त्यांना हेही सांगा की पिल्ले आठ आठवडे आईजवळ ठेवा. पुढे जिथून कुठून पिल्लू घ्याल, तिथे ते त्याच्या आईजवळ असताना एकदा पाहून या. आई दाखवायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून घेऊ नका. आणि अक्काचे उत्तर काय आले, ते मला भाऊबीजेनंतर कळवा.